सहा पालथ्या पेट्या

रजेवरून परतली त्याच सकाळी तिच्या टेबलावर दीड पानाचं दुरुस्तीपत्रक ठेवलेलं होतं. तिसऱ्या ओळीत तिचं नाव होतं, आणि नावापुढे कंसात कुणीतरी मोठ्या काळजीने लिहिलं होतं: ‘नोंदीच्या काळात प्रकृती ठीक नव्हती.’

प्रकृतीला काहीही झालेलं नव्हतं. ती सात महिन्यांची गरोदर होती, इतकंच. पोट आडवं येतं म्हणून टेबलापाशी तिरकी उभी राहून, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून तिने अकरा दिवसांत अठरा मीटर खडक बोटाबोटाने वाचून काढला होता. बाळ आतून लाथ मारायचं तेव्हा पेन्सिल हलायची. त्या हललेल्या रेघाही तिने खोडून पुन्हा नीट काढल्या होत्या.

खडक वाचायचा म्हणजे काय, हे तिने एकदा सासूबाईंना लाटणं हातात घेऊन समजावलं होतं. जमिनीत पोकळ नळी फिरवत खाली नेली की तिच्यात लाटण्यासारखा लांबट गोल खडक अडकून वर येतो. त्याला कोअर म्हणायचं. तो लाकडी पेट्यांत मांडायचा, वहीत ओळी लिहितात तसा. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्याखाली दुसरी. पहिल्या ओळीचं डावं टोक जमिनीला सगळ्यात जवळचं, शेवटच्या ओळीचं उजवं टोक सगळ्यात खोल. मग प्रत्येक थराचा चेहरा बघायचा. वाळू जाड की बारीक, चिखल किती, शिंपले आहेत का, एखाद्या किड्याने बिळं पोखरलीत का. चेहऱ्यावरून जागा ओळखायची: नदीचं पात्र, खाडी की उथळ समुद्र. तिच्या धंद्यात या चेहऱ्याला फेसीज म्हणतात. सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हणजे पोराचं तोंड बघून कुठे खेळून आलंय ते ओळखायचं, तसंच की. अगदी तसंच, ती म्हणाली होती.

तिच्या नोंदीत चाळीस ते अठ्ठावन्न मीटरच्या त्या सहा पेट्यांचा चेहरा स्पष्ट होता. तळाला काळसर चिखल, शांत पाण्यात बसलेला. त्यावर चिखलातच वाळूच्या बारीक रेघा. त्यावर वाळू, वर जाल तशी जाड होत गेलेली. आणि सगळ्याच्या डोक्यावर गोगलगायींच्या शंखांचा हातभर थर. अर्थ सरळ होता. दीड कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, इथे एक नदी आपला गाळ पुढे ढकलत होती आणि समुद्र मागे सरत होता.

दुरुस्तीपत्रकात नेमकं उलटं होतं. पेट्या पुन्हा तपासल्या असता शंख तळाशी आणि चिखल वर आढळला. म्हणजे समुद्र पुढे आला. नोंद करणारीने पेट्या शेवटाकडून वाचल्या असाव्यात. खाली शेवटची ओळ होती: पुढच्या हंगामातल्या तिन्ही बोअरची नोंद दुसऱ्या कुणाकडे द्यावी, आणि तिने तूर्त नकाशांच्या कपाटांचं काम बघावं. शुक्रवारी समिती त्यावर शिक्का मारणार होती. आज बुधवार. पत्रक सतरा जणांना गेलेलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच उठून सरांच्या खोलीत गेली.

सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना ‘भरती’ म्हणत, कारण वीस वर्षं त्यांना प्रत्येक खडकात समुद्र पुढे येतानाच दिसत आला होता. सरांच्या बशीत चहा सांडला तरी ते भरतीच म्हणतील, असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं, तेव्हापासून नाव चिकटलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी बाळाची चौकशी केली, वजन विचारलं, झोपते का नीट म्हणून विचारलं. मग म्हणाले की त्या दिवसांत असं होतंच, यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्या बायकोने तर पहिल्या खेपेला दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं आणि घरभर शोधत बसली होती. ते हसले. पेट्या स्वतः पाहिल्यात का, असं तिने विचारलं. स्वतः पाहिल्या, ते म्हणाले, दोनदा. तूही जाऊन बघ.

जिन्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली. पाच दिवसांपूर्वी तिने मोबाईल बाळाच्या लंगोटांच्या डब्यात ठेवला होता. झालंच असेल तर? अकरा दिवस, पाय सुजलेले, कमरेत कळा. आणि ही शंका आपल्या डोक्यात त्या माणसाने दुधाच्या पातेल्यातून घातली, हे लक्षात आलं तेव्हा ती मघापेक्षा दुप्पट संतापली.

कोअर-भांडारात जाण्याआधी तिला दूध काढायला हवं होतं. त्यासाठी दिलेल्या खोलीत जुन्या फायली होत्या आणि दाराला कडी नव्हती. तिने दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवली आणि स्वतः फायलींच्या गठ्ठ्यावर बसली. पंप घरघरत होता. समोरच्या कपाटावर लिहिलं होतं, ‘रद्द नोंदी’. पंधरा मिनिटं ती त्या दोन शब्दांकडे बघत बसली. बाटलीत एरवीच्या निम्मंही दूध आलं नाही.

भांडार तळमजल्यावर होतं. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, प्रत्येक मांडणीत पेट्या, मधोमध तीस पावलं लांबीचं टेबल. टेबलाच्या एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला भिंत. इथली मालकीण म्हणजे भांडारबाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गळ्यात दोरीला चष्मा, आणि कुणी पेटीला न विचारता हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी.

“आलीस का,” ती म्हणाली. “ये. आधी हात धू. तोंड नंतर धुवायला मिळेल, ते तुझं सगळ्यांनी धुऊन ठेवलंय.”

दोघींनी मिळून सहा पेट्या टेबलावर घेतल्या. तिने झाकणं काढली. शंखांचा थर शेवटच्या पेटीत, शेवटच्या ओळीत होता. चिखल पहिल्या पेटीत. तुकड्यांमधले, किती मीटर खोल ते लिहिलेले लाकडी ठोकळे आकड्यांप्रमाणे बरोबर लागलेले. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. खडक तोच होता. बिळांची एक जागा तर तिला अशी ओळखीची वाटली जसा शाळेतल्या मैत्रिणीचा चेहरा वाटावा. पण तिच्या वहीत ती जागा वर होती आणि इथे खाली.

तिने प्रत्येक तुकड्यावर दोन रेघा मारलेल्या होत्या, लाल आणि काळी. वरचं टोक आपल्यापासून लांब धरलं की लाल उजवीकडे यायची. ही पद्धत धंद्यात सगळेच पाळतात, आणि ती तर डोळ्यांत तेल घालून पाळायची. आता एकाही तुकड्यावर एकही रेघ नव्हती.

भांडारबाईने सांगितलं की बाळंतपणाच्या रजेत तिला महिना झाला असेल, तेव्हा सरांच्या पुस्तकासाठी फोटो काढायला फोटोग्राफर आला होता. ओल्या दगडाचा रंग उठून दिसतो म्हणून त्याने सगळे तुकडे पेट्यांतून काढून या टेबलावर एका रांगेत लावले आणि ओल्या स्पंजने खसाखसा पुसले. शाई गेली. भांडारबाई तेव्हा जेवायला गेली होती, परत आली तर पेट्या भरून मांडणीत.

रेघा पुसल्या, हे एक. पण रेघा पुसल्याने खडक उलटा होत नाही. सरांनाही हेच म्हणता येईल. रेघा कधी मारल्याच नव्हत्या, असंही म्हणता येईल. सहा पेट्यांची दोन्ही टोकं शेजारच्या पेट्यांशी जुळतात का, तेही तिने पाहिलं. ती टोकं कधीच प्रयोगशाळेत नमुन्याला गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या, आणि त्यांना धाप लागली होती.

गोटी पालथी पडली होती. गोटी हे बाळाचं घरातलं नाव, जन्मली तेव्हा तिचं डोकं इतकं गुळगुळीत होतं म्हणून. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा, सतरंजीवर, एकटीच्या जोरावर. सासूबाई सांगत होत्या आणि ती ऐकत होती, आणि आपण ते पाहिलं नाही, आपण इथे पुसलेल्या दगडांपुढे उभे आहोत, या विचाराने तिला कुणाला तरी गदागदा हलवावंसं वाटलं.

“कशी पडली? कुठल्या कुशीवरून?” तिने विचारलं.

“डाव्या. अगं नाही, थांब. माझ्या डाव्या हाताला गेली, मी समोर बसले होते ना तिच्या. तिची उजवी कूस.”

“पुन्हा सांगा.”

“माझी डावी म्हणजे तिची उजवी,” सासूबाई म्हणाल्या. “एवढं काय त्यात. समोरासमोर बसलं की उलटंच होणार.”

तिने फोन खाली केला आणि टेबलाकडे पाहिलं. तीस पावलं लांब. एका अंगाला खिडकी, एका अंगाला भिंत. खिडकीकडे उभं राहून तुकडे काढले तर रांगेचं डावं टोक म्हणजे सगळ्यात वरचा खडक. आणि कुणी भिंतीकडे उभं राहून, डावीकडून उजवीकडे, वहीत लिहावं तसे शिस्तीत परत भरले तर? पहिली ओळ सगळ्यात खोल खडकाची. ठोकळे मात्र आकड्यांप्रमाणे लावायचे, ते काय शाळेतलं मूलही लावेल. अठरा मीटर समुद्र एका माणसाने टेबलाची बाजू बदलून पालथा घातला होता.

फोटोग्राफर कुठल्या अंगाला उभा होता, तिने विचारलं. खिडकीकडे, भांडारबाई म्हणाली, उजेड तिकडचा. तुकडे त्यानेच भरले का? भांडारबाईने चष्मा चढवला, नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि थांबली. फोटोग्राफर बारा वाजता गेला. पेट्या पाऊण वाजता मांडणीत चढल्या. पुढे सही होती.

सही सरांची होती.

“किती वाजता भरल्या ते लिहायला रकाना आहे,” भांडारबाई शांतपणे म्हणाली. “कुठल्या बाजूला उभं राहून भरल्या त्याला नाही.”

पण सही म्हणजे पुरावा नव्हे. सर म्हणाले असते, मी खिडकीकडेच उभा होतो. खडकाला स्वतःलाच सांगायला लावायला हवं होतं. आणि खडकाला ते येत होतं, कारण त्यात गोगलगायी होत्या.

गोगलगाय मरते, शंख रिकामा पडतो. त्यात चिखल शिरतो आणि तळाशी बसतो, अर्धा शंख भरेल इतका. वरची पोकळी तशीच राहते आणि पुढे केव्हातरी तिच्यात पांढरे स्फटिक धरतात. चिखल खाली, पांढरं वर. प्रत्येक शंख म्हणजे गवंड्याची पाणसळच, समुद्राने दीड कोटी वर्षांपूर्वी टेकवून ठेवलेली. फक्त तो कापून बघायला हवा, आणि कोअर कापायला सरांची लेखी परवानगी लागते.

“अख्खा कोअर कापायला लागते,” भांडारबाई म्हणाली. “वितीपेक्षा लहान तुटका तुकडा नमुन्याला कापायचा तर तुझी सही चालते. नियम माझ्या भिंतीवर लावलाय, वाचत कुणी नाही.”

शंखांच्या थरात वितीपेक्षा लहान असे चार तुकडे होते. पण सुटा तुकडा हातात स्वतःभोवतीही फिरला असेल, त्याची साक्ष कोण मानणार? तिने चारही तुकडे एकेक करून शेजारच्या लांब तुकड्याला लावून पाहिले. तिसरा बसला. दोघांच्या तिरप्या तुटलेल्या कडा एकमेकींत अशा बसल्या जसं बशीत कपाचं बूड. पुन्हा पुन्हा लावला, एकाच तऱ्हेने बसला. तिने जोडावरून पेन्सिलीची आडवी खूण केली, दोन्ही तुकड्यांवर बाण काढला, पेटीत आज जे ‘वर’ होतं त्या दिशेला. फोटो घेतला. मग सही केली आणि करवतीचं पाणी सुरू केलं.

करवत किंचाळत होती. पाण्याबरोबर करडा रेंदा तिच्या कोपरांपर्यंत उडत होता. ती दात-ओठ खाऊन तुकडा पुढे सरकवत होती, आणि भांडारबाईने मध्येच तिच्या मनगटावर हात ठेवला, हळू, दगडाने तुझं काही बिघडवलेलं नाही.

कापलेला चेहरा तिने नळाखाली धरला. तीन शंख होते, अंगठ्याच्या नखाएवढे. तिन्हींत करडा चिखल आणि पांढरे स्फटिक, मध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ, तिन्ही रेघा एका पातळीत. बाण वर होता. चिखल तिन्हींत वर होता आणि पांढरं खाली.

तिने तुकडा हातातल्या हातात उलटा केला. समुद्र मागे सरला.

सर फोनवर होते. तिने तुकडा त्यांच्या कागदांवर ठेवला, ओला. त्यांनी फोन ठेवला, भिंग घेतलं आणि बघितलं. माणूस मूर्ख नव्हता, वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याला दोन क्षणांत कळलं, आणि कळलेलं तिला त्याच्या कानांच्या रंगावरून दिसलं.

मग सारवासारव सुरू झाली. बरं झालं सापडलं, ते म्हणाले. वेळेत सापडलं. पत्रक मागे घेऊ, ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढं लिहिलं की पुरे. उगाच सतरा जणांपुढे चर्चा कशाला. तिने नोंदवहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं नाही, बाजूला सरकवलं.

“हे बघ, चूक कुणाचीही होऊ शकते,” ते म्हणाले.

“हो सर. पण ती माझी वाटली तेव्हा तिला नाव होतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. समोरून अचानक कुडता ओला व्हायला लागलेला तिला जाणवला. बाळाची वेळ झाली होती. सरांची नजर तिकडे गेली आणि गडबडीने खिडकीबाहेर पळाली. तिने ओढणी पुढे ओढली नाही. त्यांनी तिच्या प्रकृतीवर सतरा जणांना पत्र लिहिलं होतं. आता दोन ठिपक्यांना लाजायचं काय.

“तू फार मनाला लावून घेते आहेस,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “या दिवसांत होतं तसं.”

“प्रत्येक तुकड्यावरची लाल रेघ गेली होती. तुम्ही दोनदा पेट्या पाहिल्यात. रेघा कुठे गेल्या, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कारण पेटीत जे दिसलं ते तुम्हाला आवडलं. मला दिवस गेले होते, सर. तुम्हाला काय झालं होतं?”

त्यांनी संगणकाकडे खुर्ची फिरवली. काय लिहू, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते तिला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाले. तिने उभ्याउभ्या सांगितलं. मूळ नोंद बरोबर आहे. पेट्या परत भरताना मी टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूने भरल्या, त्यामुळे क्रम उलटला. सर ‘मी’पाशी अडखळले. तिने ‘मी’ पुन्हा सांगितलं. पुढच्या तिन्ही बोअरची नोंद ठरल्याप्रमाणे तिच्याकडेच राहील.

“ते वेगळं,” सर म्हणाले. “तिथे तंबूत महिना-महिना राहावं लागतं. मूल कोण बघणार?”

“पत्रकात कारण म्हणून चूक दिली होती, मूल नाही. चूक गेली.”

पत्र सतरा जणांना गेलं, तेव्हाच ती दारातून वळली. तिला वाटलं होतं आता हलकं वाटेल. वाटलं नाही. न्याय आपल्या पदरात पडला खरा, पण तो स्वतःच करवतीवर कापून आणावा लागला, आणि तेवढ्यात लेक पालथी पडून गेली. खाली भांडारबाई पट्टी घेऊन नोंदवहीच्या प्रत्येक पानावर एक उभी रेघ ओढत बसली होती. नव्या रकान्याच्या डोक्यावर तिने लिहिलं होतं, ‘खिडकी की भिंत’.

“माझी दोन वर्षं उरलीत,” ती मान वर न करता म्हणाली. “तेवढ्यात सगळ्या वह्या होतील.”

घरी सासूबाईंनी दार उघडलं आणि बोट ओठांवर ठेवून तिला आत बोलावलं. गोटी सतरंजीवर उताणी पडून स्वतःच्या मुठी न्याहाळत होती. आईला बघितलं, पाय हवेत उडवले, आणि एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग कंबर. मग खांदा, लाल होईपर्यंत जोर लावून. आणि भदकन पालथी.

हात मात्र पोटाखालीच अडकला. तिने मान उचलली, हात ओढला, तो येईना. पुन्हा ओढला. तोंड फाकलं, कपाळाला आठ्या पडल्या, आणि ती अशी काही कडाडली की खिडकीवरचं पाखरू उडालं. सासूबाई तिचा हात सोडवायला वाकल्या.

“थांबा ना जरा,” ती म्हणाली.

ती लेकीसमोर जमिनीवर पालथी झोपली, गाल सतरंजीला टेकवून, तिच्या डोळ्यांच्या पातळीत. केसांत अजून करडा रेंदा वाळलेला होता. गोटी तिच्याकडे बघून आणखी मोठ्याने ओरडली, ही सगळी आईचीच करणी असल्यासारखी.

“ओरड,” ती म्हणाली. “ओरड हो राणी. पण हात ओढत राहा.”